अंधाऱ्या हॉलमधले फोटो का फाटतात

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे अशाच अडचणीत असलेल्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुझ्याकडे एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत आलेली 18-55 मिलिमीटरची किट लेन्स. माटुंग्याच्या एका हॉलमध्ये कॉलेजच्या एकांकिकेचे फोटो काढलेस. "आयएसओ 800च्या वर नेला की फोटो फाटतो" असं कोणीतरी सांगितलं होतं (आयएसओ म्हणजे कॅमेरा प्रकाशाचा सिग्नल किती वाढवतो तो आकडा, फाटतो म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा दिसतो), म्हणून 800वरच थांबलास. 1/30 सेकंदाच्या शटरला काढलेल्या फोटोंत उजेड ठीक आला, पण माणसं हलली. 1/125ला काढलेले काळे आले आणि कॉम्प्युटरवर 2 स्टॉप उचलले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) तर सावल्यांत लाल-हिरवे ठिपके. आता विचारतोयस, "ताई, ईएमआयवर मोठ्या सेन्सरचा फुल-फ्रेम कॅमेरा घेऊ का? गणपती जवळ आलेत, विसर्जनाचे फोटो कसे काढू?"

आत्ता घेऊ नकोस. का, ते जरा सविस्तर सांगते. मी गेली 22 वर्षं मुंबईत नाटकांचे आणि घरगुती समारंभांचे फोटो काढते आहे आणि या 800च्या भीतीची किंमत मी स्वतः मोजलेली आहे.

2006 साली माझ्याकडे जो डीएसएलआर होता त्याचा आयएसओ 1600ला संपायचा. त्याआधीची माझी सवय फिल्मची. 400ची कृष्णधवल रीळ पुश करून, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करून, 1600ला वापरायची म्हणजे दाणे मोठे होणार, कॉन्ट्रास्ट कडक होणार, हे ठरलेलं. त्यामुळे वरचा आकडा म्हणजे नाइलाज, हे डोक्यात घट्ट बसलं होतं. एका ज्येष्ठ नटाच्या शेवटच्या प्रयोगाला मी अशीच 400वर अडून बसले. शेवटचं स्वगत 4 मिनिटांचं. ते खुर्चीच्या पाठीवर हात टेकून बोलत होते. हात स्थिर, पण मान आणि ओठ सतत हलते. मी 64 फोटो काढले. खुर्चीवरची नक्षी प्रत्येक फोटोत स्पष्ट होती, डोळे एकाही फोटोत नव्हते. त्या कुटुंबाला द्यायला माझ्याकडे शेवटी एकच फोटो निघाला, पहिल्या अंकातला, 1600वर काढलेला, दाणेदार. तो त्यांच्या बाहेरच्या खोलीत आजही आहे. त्या दाण्यांबद्दल आजवर कोणी एक शब्द काढलेला नाही.

हललेला चेहरा कुठल्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. ठिपके कमी करता येतात. कुठलाही सेटिंग बदलायच्या आधी एवढं मनाशी पक्कं कर.

आता हे ठिपके येतात कुठून? जूनमध्ये पाऊस धरायच्या आधी टपोरे थेंब पडायला लागतात, तेव्हा गच्चीवर जाऊन लाद्यांकडे बघ. एका लादीवर 3 थेंब, शेजारच्या लादीवर 8, पलीकडे एकच. पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय, तरी गच्ची ठिपक्याठिपक्यांची दिसते. अर्धा तास सर पडली की तीच गच्ची एकसारखी ओली. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल ही अशी एक लादी आहे आणि प्रकाशही थेंबाथेंबानेच पडतो, त्या थेंबांना फोटॉन म्हणायचं. एका पिक्सेलवर सरासरी 100 फोटॉन पडत असतील तर प्रत्यक्षात कुठे 90, कुठे 110, असा साधारण 10चा फरक राहतो. म्हणजे 10 टक्के. सरासरी 10,000 असेल तर फरक 100चा, म्हणजे फक्त 1 टक्का. हा हिशेब वर्गमुळाने चालतो. उजेड 4 पट मिळाला की ठिपकेपणा निम्म्यावर येतो. अंधारातल्या फोटोतला बराचसा नॉइज, म्हणजे ठिपकेपणा, हाच असतो. तो कॅमेऱ्याचा दोष नाही आणि कितीही महाग कॅमेरा घेतलास तरी तो राहणारच, कारण तो प्रकाशाच्याच अंगात आहे.

आयएसओची पाळी येते ती थेंब पडून झाल्यावर. लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती मोठं आणि शटर किती वेळ उघडं, या दोन गोष्टींनी प्रकाश किती मिळणार ते ठरतं. आयएसओ हा त्यानंतरचा अँप्लिफायर. नट पुटपुटला आणि साउंडवाल्याने आवाज वाढवला तर शब्दांबरोबर पंख्याची घरघरही वाढते, पण घरघर साउंडवाल्याने निर्माण केलेली नसते. तसंच हे.

याशिवाय कॅमेऱ्याच्या सर्किटची स्वतःची थोडी खरखर असते, तिला रीड नॉइज म्हणतात. तिचा काही भाग अँप्लिफायरच्या पुढच्या टप्प्यात मिसळतो. म्हणून सिग्नल आधीच मोठा करून पुढे पाठवला तर त्या खरखरीचा वाटा कमी होतो. तुझ्या काळ्या फोटोंत 2 स्टॉप तू कॉम्प्युटरवर उचललेस. तेच काम कॅमेऱ्याकडून आयएसओ 3200ला करून घेतलं असतंस तर ठिपके तेवढेच किंवा त्याहून कमी आले असते. जास्त नक्कीच आले नसते. आणि तू जेपीजी उचलत होतास, म्हणजे सावल्यांतली बरीचशी माहिती कॅमेऱ्याने आधीच टाकून दिलेली. आहे त्या तुकड्यांना ताणल्यावर रंगांचे डाग दिसणारच.

"पण आयएसओ वाढवला की नॉइज वाढतो हे तर सगळेच बघतात." बघतात, कारण कॅमेरा ऑटोवर किंवा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (तोंड तू ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) असतो. तू आयएसओ 4 पट केलास की कॅमेरा शटर 4 पट वेगवान करतो, म्हणजे प्रकाश पाव हिश्श्यावर येतो. नॉइज वाढवला त्या घटलेल्या प्रकाशाने, नाव मात्र आयएसओचं होतं. घरीच करून बघ. रात्री स्वयंपाकघरातला एकच दिवा लावून ओट्यावरच्या डब्यांसमोर कॅमेरा कशावर तरी टेकवून ठेव. मॅन्युअल मोड, रॉ फाइल (सेन्सरची माहिती न टाकता जपणारी), अ‍ॅपर्चर आणि शटर दोन्ही तेच. एक फोटो आयएसओ 400ला, एक 3200ला. पहिला कॉम्प्युटरवर 3 स्टॉप उचल आणि दोन्हींतल्या डब्यांच्या सावल्या शेजारी शेजारी ठेव. जुन्या कॅमेऱ्यात 400चा फोटो स्पष्टपणे वाईट दिसेल. अलीकडच्या बऱ्याच सेन्सरमध्ये दोन्ही जवळपास सारखे दिसतील.

ते सारखे दिसत असतील तर त्याचा एक फायदाही आहे. अशा कॅमेऱ्यात दिव्याची ज्योत, आरतीचं ताट, आतषबाजी असं झगझगीत काही चौकटीत असेल तर आयएसओ एखादा स्टॉप खाली ठेवून नंतर उचलता येतो, म्हणजे ज्योत पांढरीफटक होत नाही. काही सेन्सरमध्ये ठरावीक आयएसओला सर्किट बदलतं आणि खरखर एकदम उतरते. 2018च्या सोनी ए7 3मध्ये हे 640च्या आसपास होतं. अशा कॅमेऱ्यात 500पेक्षा 640ला सावल्या स्वच्छ येतात. पण हे पुढचे बारकावे झाले. तुझं दुखणं वेगळंच आहे.

तुझे आकडे घेऊ. हललेले फोटो: एफ 5.6, 1/30, आयएसओ 800. एफ हा लेन्सच्या तोंडाचा आकडा, जितका लहान तितकं तोंड मोठं. किट लेन्स 55वर नेली की तिचं तोंड 5.6च्या पुढे उघडत नाही. आता त्याच जागेवर 50 मिलिमीटरची एफ 1.8 लेन्स लाव आणि तिला एफ 2ला ठेव. 5.6 ते 2 म्हणजे 3 स्टॉप, प्रकाश 8 पट. हा 8 पट प्रकाश पूर्णपणे शटरवर खर्च कर: 1/30चं 1/250. आयएसओ तोच 800, उजेड तेवढाच, ठिपके तेवढेच आणि माणसं थांबलेली. त्या संध्याकाळी तुझ्या कॅमेऱ्यात काही कमी नव्हतं, लेन्सच्या तोंडात कमी होतं.

आता फुल-फ्रेमचा हिशेब याच्या शेजारी मांड. फुल-फ्रेम सेन्सर 36 गुणिले 24, म्हणजे 864 चौरस मिलिमीटर. एपीएस-सी बहुतेक कंपन्यांचा 366च्या आसपास, कॅनॉनचा त्याहून जरा लहान. म्हणजे साधारण 2.4 पट, सव्वा स्टॉपचा फायदा. शिवाय तीच चौकट मिळवायला 55 ऐवजी 80-85ची लेन्स लागणार, तीही एफ 1.8 हवी, नाहीतर मिळवलेलं सगळं घालवलं. 50ची एफ 1.8 लेन्स ही जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या स्वस्तातल्या लेन्सपैकी एक असते आणि ती तुला 3 स्टॉप देते. सव्वा स्टॉपसाठी दोन वर्षं हप्ते भरायचे की 3 स्टॉप एका लेन्सच्या किमतीत घ्यायचे, हे आता तूच बघ.

उघड्या तोंडाची एक किंमत मोजावी लागते. एपीएस-सीवर 50ची लेन्स एफ 1.8ला ठेवून 2 मीटरवरच्या माणसाचा फोटो काढलास तर धारदार पट्टा जेमतेम 11 सेंटीमीटरचा मिळतो. डोळा धारदार, खांदा मऊ. तिसऱ्या-चौथ्या रांगेतून रंगमंच 7-8 मीटरवर असतो, तिथे हा पट्टा दीड मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे नाटकात त्रास कमी. हळदीच्या खोलीत मात्र जपून. फोकसचा बिंदू स्वतः डोळ्यावर ठेवायचा, कॅमेऱ्यावर सोडायचा नाही.

शटर किती ठेवायचं हे विषयावर ठरतं. उभ्या उभ्या संवाद बोलणारा नट 1/125ला मिळतो, वाक्याच्या शेवटी जिथे श्वास घेतो तिथे दाबलंस तर 1/80लाही. हातवारे, भांडण, धावपळ असेल तर 1/250. लेझीम आणि ढोलाला 1/500. ढोलावर आपटणारं टिपरू थोडं हललेलंच मला आवडतं, म्हणून मी तिथे 1/320वर थांबते. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन फक्त तुझ्या हाताची थरथर थांबवतं, समोरच्या माणसाची नाही. 1/30ला "स्टॅबिलायझेशन आहे ना" म्हणून निश्चिंत राहणारे खूप बघितलेत.

नाटकाच्या हॉलमध्ये आणखी दोन गोष्टी फसवतात. पहिली म्हणजे मागचे काळे पडदे. चौकटीचा मोठा भाग काळा असला की कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं सगळंच अंधारलंय, आणि तो एक्सपोजर वाढवून ठेवतो. स्पॉटमधला चेहरा पांढरा होतो. मी शटर आणि अ‍ॅपर्चर मॅन्युअल ठेवते, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा 6400, आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेल्या उजेडातली दुरुस्ती, उणे 1च्या आसपास. प्रकाशयोजना एका प्रवेशात स्थिर असेल तर आयएसओही मॅन्युअल. दुसरी फसवणूक कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याची. अंधारात बसल्यावर तो पडदा डोळ्यांना झगझगीत वाटतो आणि एक-दीड स्टॉप काळा फोटोसुद्धा छान उजळ दिसतो. घरी गेल्यावर रडायची वेळ येते. पडद्याची ब्राइटनेस हाताने खाली आण आणि हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखावर, विश्वास ठेव. प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाणारा उजेडही त्याने कमी होतो, ते वेगळंच पुण्य.

आणि शक्य असेल तर प्रयोगापेक्षा रंगीत तालीम मागून घे. दिवे तेच, कपडे तेच, रंगभूषा तीच, पण तुला पहिल्या रांगेच्याही पुढे, पिटात जाऊन उभं राहता येतं. मी आजवर काढलेले नाटकांचे चांगले फोटो बहुतेक रंगीत तालमीतले आहेत. प्रकाशयोजनाकाराला आधी भेट, कुठल्या प्रवेशात स्पॉट आहे, कुठे काळोख होणार, कुठे निळा येणार, ते विचार. ते आनंदाने सांगतात, कारण त्यांच्या कामाबद्दल विचारायला सहसा कोणी येत नाही.

निळ्याचा विषय निघालाच आहे तर दिव्यांच्या रंगाबद्दल बोलते, कारण तुझे लाल-हिरवे ठिपके अर्धेअधिक इथून आलेत असं मला वाटतं. साधा पिवळा बल्ब किंवा अंबर जेल (पिवळसर रंगीत कागद) लावलेला हॅलोजन यांच्या उजेडात निळा फारच थोडा असतो. सेन्सरचे निळे पिक्सेल जवळजवळ उपाशी राहतात. मग व्हाइट बॅलन्स करताना, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवताना, कॅमेरा निळ्याला दुपटीहून जास्त फुगवतो आणि त्याच्या पोटातले ठिपकेही फुगतात. मरीन ड्राइव्हच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली हाच त्रास होता. 2015मध्ये तिथे पांढरे एलईडी लावले तेव्हा मुंबईकरांनी बरीच नाराजी व्यक्त केली आणि डोळ्यांना मलाही तो पिवळ्या दिव्यांचा 'क्वीन्स नेकलेस'च प्रिय आहे, पण निळ्या चॅनेलपुरतं बोलायचं तर पांढऱ्या दिव्यांत फाइल स्वच्छ येते. उपाय सोपा आहे: पिवळ्या उजेडातला फोटो पूर्ण पांढरा करायच्या मागे लागू नकोस. हळदीच्या खोलीत बल्बचा पिवळेपणा थोडा राहू दे. नवरीच्या अंगावरची हळद तशीही पिवळीच आहे.

रंगमंचावरच्या निळ्या-जांभळ्या एलईडीत उलटं होतं. निळा चॅनेल भरून वाहतो, चेहऱ्याचे उंचवटे पुसले जातात, आणि साधा हिस्टोग्राम मात्र सगळं ठीक दाखवतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून ठेव आणि अशा प्रवेशात एक स्टॉप खाली ये.

एलईडी आणि ट्यूबलाइटची आणखी एक खोड म्हणजे लुकलुकणं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. 1/50 किंवा 1/100 शटरला हे चक्र पूर्ण पकडलं जातं आणि उजेड समान येतो. 1/250ला एक फोटो उजळ, पुढचा मंद, असं होऊ शकतं. त्यात सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर चित्रावर आडवे पट्टे. सार्वजनिक मंडपातल्या स्वस्त एलईडी माळांखाली हे हमखास होतं. मेकॅनिकल शटर वापर, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू कर, आणि काहीच जमलं नाही तर 1/100वर ये आणि आयएसओला थोडा आराम दे. नाटकात मात्र मेकॅनिकल शटरचा खटखटाट गंभीर प्रवेशात नको. तिथे आधी एक सायलेंट फोटो काढून पट्टे येतात का बघायचं, आणि येत असतील तर टाळ्यांची, हशाची वाट बघायची.

विसर्जनाचं विचारलंस. गिरगाव चौपाटीला अंधार पडल्यावर फ्लडलाइटच्या झोतातून दोन पावलं बाजूला झालास की उजेड एकदम पडतो. तिथे एफ 2, 1/250, आयएसओ 3200 ते 6400 बिनधास्त वापर. उजेडाची दिशा शोध: ट्रकवरच्या हॅलोजनकडे पाठ करून उभा राहिलास तर चेहरे उजळतात, त्याच्याकडे तोंड केलंस तर उडणारा गुलाल पेटल्यासारखा दिसतो आणि चेहरे सावलीत जातात. दुसरा फोटो मला जास्त प्रिय. सावली सावलीच ठेव, उचलू नकोस. लालबागच्या गर्दीत लेन्स बदलायची नाही, गुलालाची पूड सेन्सरवर बसली की पुढचा महिनाभर प्रत्येक फोटोत दिसते. एकच लेन्स लावून जा.

फ्लॅश नाटकात वर्ज्य. चाळीतल्या हळदीला पांढऱ्या छताकडे वळवून मारलेला फ्लॅश सुंदर काम करतो. छत रंगीत असेल तर तोच रंग सगळ्यांच्या तोंडावर येतो, तेव्हा नको.

स्थिर विषयाला तर आयएसओ वाढवायचं कारणच नाही. वाळकेश्वरच्या बाजूने रात्रीचा किनारा टिपायचा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ 100, 8-10 सेकंद. ट्रायपॉड नसेल तर कठड्यावर कॅमेरा टेकव आणि 16 फोटो ओळीने काढून सॉफ्टवेअरमध्ये त्यांची सरासरी काढ. नॉइज पाव हिश्श्यावर येतो, पुन्हा तेच वर्गमूळ. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये 2018ला आलेला नाइट साइट हेच करतो, 15पर्यंत फ्रेम एकमेकींवर बसवतो. म्हणून मित्राच्या फोनचा रात्रीचा फोटो तुझ्या कॅमेऱ्यापेक्षा स्वच्छ दिसतो. फक्त माणूस चालायला लागला की त्या जुळवाजुळवीची धांदल उडते. मोठ्या एक्सपोजरला मुंबईचा उकाडा नडतो. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही पिक्सेल भरू लागतात. तापमान साधारण 6 ते 8 अंशांनी वाढलं की हा त्रास दुप्पट होतो. मे महिन्यातल्या रात्री 30 सेकंदांच्या फोटोत लाल-निळे टाचणीएवढे ठिपके येतात ते हे. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू केलं तर कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढाच वेळ आणखी एक फोटो घेतो आणि वजा करतो. वेळ दुप्पट लागतो, पण ठिपके जातात.

आता घरी आल्यावर काय करायचं. रॉमध्ये काढलंयस असं धरते. आधी रंगांचा नॉइज काढ, तो डोळ्याला जास्त खुपतो आणि काढल्याने चित्राचं फारसं बिघडत नाही. ल्युमिनन्सचा, म्हणजे उजेड-अंधाराच्या ठिपक्यांचा, स्लायडर मात्र हात राखून. तिथे घासून पुसलंस तर पैठणीची जर जाते, बुट्टे विरघळतात, म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मेणासारख्या होतात. मंडळाच्या फलकावरची बारीक अक्षरं जवळून बघ: अनुस्वाराचा टिंब सॉफ्टवेअरला नॉइजसारखाच दिसतो, त्यामुळे आधी अनुस्वार जातो. एका लग्नाच्या फोटोंत "शिंदे"चं "शिदे" झालेलं मी स्वतः पाहिलंय. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 2023 सालापासून जो एआय डिनॉइज आहे तो जुन्या स्लायडरपेक्षा खूप पुढचा आहे आणि मीही वापरते, 30-40च्या वर न नेता. त्यापुढे तो माहिती वाचवण्याऐवजी स्वतःची भर घालायला लागतो. शेवटी थोडा दाणा राहू दे.

आणि सावल्या उचलायचा मोह आवर. नॉइज राहतो सावल्यांत. नाटकातला काळोख प्रकाशयोजनाकाराने ठरवून ठेवलेला असतो. तिथे काय आहे ते प्रेक्षकाला दिसू नये असंच त्याला हवं असतं. तो काळोख उचलून तू ठिपकेही आणतोस आणि त्याचं कामही बिघडवतोस. ब्लॅक्सचा स्लायडर थोडा खाली घे, सावल्या पूर्ण काळ्या होऊ दे. अर्धा नॉइज तिथेच संपतो.

100 टक्के झूम करून फोटो तपासायची सवय सोड. तुझी फाइल 6000 गुणिले 4000 पिक्सेलची. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी 12 गुणिले 8 इंचांचा प्रिंट काढलास तर 300 डीपीआयने 3600 गुणिले 2400 पुरे होतात. फोनवर कोणी पाहिला तर त्याहूनही किती तरी कमी. 6000चा फोटो 2000वर आणताना 9 पिक्सेलचा एक होतो, नॉइज एक तृतीयांश उरतो. एकदा आयएसओ 6400चा फोटो 12 गुणिले 8ला मॅट कागदावर छापून घे आणि हातभर अंतरावरून बघ. स्क्रीनवर जो तुला फाटलेला वाटत होता तो कागदावर धडधाकट उभा असतो. मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हा एक प्रिंट काढायला लावते, कारण बोलून ही भीती जात नाही.

फुल-फ्रेम कधी घ्यायचा? जेव्हा उघड्या तोंडाची लेन्स लावूनही, एफ 1.8, 1/250ला, तुझा आयएसओ सतत 6400च्या वर जातोय आणि त्या फोटोंचे पैसे येतायत. 2007मध्ये निकॉनचा डी3 आला, 6400 हा त्याचा नेहमीच्या पल्ल्यातला आयएसओ होता आणि नाटक-लग्नवाल्या आम्हा लोकांचं कामच त्याने बदललं. तुझ्या हातातला आजचा एपीएस-सी कॅमेरा त्या पातळीच्या फार मागे नाही.

तेव्हा या शनिवारी सीएसएमटीला उतर आणि फोर्टात बोरा बाजाराकडे जा, तुझ्या कॅमेऱ्याला बसणारी वापरलेली 50 एफ 1.8 बघायला. आपल्या दमट हवेत लेन्समध्ये बुरशी लवकर धरते आणि बुरशी असलेल्या लेन्समध्ये समोरून दिवा आला की सगळं चित्र दुधाळ होतं, मग सावल्या ओढाव्या लागतात आणि पुन्हा ठिपके. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते बघ. लेन्सच्या तोंडाच्या ब्लेडवर, म्हणजे उघडझाप करणाऱ्या पात्यांवर, तेल नाही ना, पाहा. मग लेन्स तुझ्या कॅमेऱ्यावर लाव, दुकानाच्या आतून, जिथे सर्वांत कमी उजेड आहे तिथून, दुकानदाराच्या परवानगीने त्याच्याच डोळ्यावर फोकस करून एफ 1.8 आणि एफ 2ला 3-3 फोटो काढ. सहाही फोटोंत पापण्या मोजता आल्या तर पैसे दे.